सुभेदारांची सुई

सुभेदार चहा प्यायला आले की स्टँडाजवळचा हॉटेलवाला गल्ल्याआड तोंड लपवायचा. चहा वाईट आहे म्हणून ते कधी भांडले नाहीत. चहाकडे त्यांचं लक्षच नसायचं. ते कोपऱ्यातलं बाकडं धरून बसत आणि ऑर्डर दिल्यापासून कप समोर येईपर्यंत वेटर कुठे कुठे फिरतो ते बघत राहत. मग उठून गल्ल्यापाशी जात आणि कुणाच्या आजारपणाची बातमी द्यावी इतक्या हळू आवाजात सांगत, "मालक, तुमची साखर तिकडं आन दूध हिकडं. मधी तुमचा मानूस चालून चालून मरतोय." मालकाने एकदा वैतागून साखरेचा डबा हलवलाही. दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी शंका काढली की आता बशा लांब पडतात.

लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसण्याची पाळी माझ्यावर एकदा आली. भात थंड होत होता, मठ्ठा येत नव्हता आणि सुभेदारांचा घास घशाखाली उतरत नव्हता. "भात आला, जिलबी आली. मधीच मठ्ठा कुठं अडला?" असं पुटपुटत ते उठले. मठ्ठ्याची बादली घेतलेला वाढपी मांडवाच्या खांबाला टेकून कुणाशी तरी बैलांचा भाव बोलत होता. सुभेदारांनी बादली त्याच्या हातातून काढून घेतली आणि अख्ख्या पंगतीला स्वतः वाढलं. वराकडच्यांना वाटलं हे वधूकडचे, वधूकडच्यांना वाटलं हे वराकडचे. खरं तर ते दोघांचेही कोणी नव्हते, आमच्या दूध संघाच्या मॅनेजरसाहेबांबरोबर आलेले होते.

"आधी काय झालं ते कळलं. नंतर काय झालं ते बी कळलं. मधी काय झालं?" हा त्यांचा प्रश्न. तो ते कुणालाही, कशाबद्दलही विचारत. मी तापाने चार दिवस घरी राहिले आणि तसा अर्ज दिला, तर अर्ज हातात धरून म्हणाले, "ताप कवा आला, कवा गेला, समदं लिवलंय. मधी काय झालं?" आता तापात मधे काय व्हायचं असतं? पण त्यांचा चेहरा इतका काळजीने भरलेला होता की मला हसता येईना. मी मुकाट्याने सांगितलं, पेज प्याले, झोपले, परत पेज प्याले. त्यांचं समाधान झालं.

ते साताऱ्याकडचे. फौजेत रसद पुरवण्याच्या खात्यात उभी हयात काढून निवृत्त झाले आणि सांगलीतल्या आमच्या दूध संघात नोकरीला लागले. आमच्या मॅनेजरसाहेबांनी कुठेतरी ऐकलं होतं की मुंबईच्या मोठ्या कंपन्यांत काँप्युटर नावाचं यंत्र असतं आणि कोणतं काम कुठे अडलंय हे ते सांगतं. त्याची किंमत ऐकून साहेबांनी तो विषय सोडला होता. सुभेदार मुलाखतीत म्हणाले, "मला जाड पुठ्ठा द्या आन कंडक्टर तिकिटाला लावतात तसले चिमटे द्या. मी सांगतो कुठं अडलंय ते." अशा रीतीने आमचा पाहणी विभाग उघडला. विभाग म्हणजे जिन्याखालचं एक टेबल, त्याच्या एका बाजूला सुभेदार आणि दुसऱ्या बाजूला मी. मी तेव्हा नुकती मॅट्रिक होऊन कवठे महांकाळच्याही पुढच्या एका कोरड्या गावातून आले होते आणि मावशीकडे राहत होते. टेबलावर कागद पडला तरी दचकायचे. वरिष्ठ मिळाले तेही असे.

त्यांची कार्डं वीतभर लांबीची होती. चारी कडांना भोकं, आणि प्रत्येक भोकाला एक अर्थ. गाडी गावात सात वाजता आली तर हे भोक, साडेसातला आली तर त्याच्या शेजारचं. जे घडलं त्याचं भोक चिमट्याने कडेपर्यंत कापून मोकळं करायचं. प्रत्येक गावच्या दुधाबरोबर एक कार्ड निघे, कॅनच्या कानाला सुतळीने बांधून. भिजू नये म्हणून सुभेदार स्वतः त्याला मेण लावत. गावात, गाडीत, चिलिंग सेंटरवर, जिथे जिथे दूध पोचे तिथला माणूस आपलं भोक कापे. संध्याकाळी सगळी कार्डं माझ्या टेबलावर येत. गठ्ठा सरळ धरायचा, हव्या त्या भोकातून सुई आरपार घालायची आणि उचलून हलवायचं. न कापलेली कार्डं सुईला लटकून राहत, कापलेली टपाटपा खाली पडत. उशिराच्या भोकात सुई घातली की उशीर झालेली गावं आपोआप टेबलावर. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही हे जमे, आणि सुभेदारांना त्याचाच अभिमान होता.

सुई त्यांच्या बायकोची, स्वेटर विणायची. काकू एकदा ऑफिसात येऊन मला म्हणाल्या, "तेवढी सुई मागून दे गं बाई. दोन वर्सं झाली, एका बाहीवर स्वेटर थांबलाय." मी सुभेदारांकडे बघितलं. ते गंभीरपणे म्हणाले, "बाही अडली खरी. पर दूध नासतंय त्येचं काय?" काकू कपाळाला हात लावून निघून गेल्या.

हा नुसता विक्षिप्तपणा आहे असं मला पहिले काही महिने वाटत होतं. मग एकदा दुपारी एक गाडी वेळेवर आली नाही आणि मी त्यांची बोटं बघितली. टेबलाच्या कडेवर ती सारखी चालत होती, आणि कपाळावर घाम. गाडी आल्यावरच ते बोलले. फौजेत असताना बर्फातल्या एका चौकीवर लोकरीचे मोजे पाठवायचे होते. निघाल्याची नोंद होती, पोचल्याची नव्हती. "मधी कुठं व्हते सांगू? आमच्याच गोदामात, पोत्यांच्या खाली. पोती मीच रचली व्हती, पोरी." त्या चौकीवरच्या माणसांचं काय झालं हे त्यांनी सांगितलं नाही. विचारायचा मला धीर झाला नाही. मात्र त्या दिवसापासून त्यांची धास्ती मलाही लागली. मावशीच्या घरी दूध तापत ठेवलं तरी मी शेजारून हलत नसे.

त्या उन्हाळ्यात पूर्वेच्या लाइनीचं दूध नासायला लागलं. पूर्वेची लाइन म्हणजे आमचीच गावं. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे हिंडलेली माणसं, आता कुठे घरटी एखादी म्हैस बांधून स्थिरावलेली. पिकाचा भरवसा नाही, दुधाचाच काय तो आधार. सेंटरवर दूध उकळून बघत आणि फाटलं की कॅन परत. बाया नासलेलं दूध ओढ्यात ओतून येत. संघात कुजबुज सुरू झाली की तिकडच्या बायका भांडी धूत नाहीत, पाणी घालतात. मी मान खाली घालून ऐकायचे, कारण आमच्या गावचं दूध गोळा व्हायचं ते आमच्याच घरापुढच्या सोप्यात आणि तिथला चिमटा होता माझ्या आईच्या हातात.

सुभेदारांनी सुई घातली. गावातलं काम वेळेवर. गाडी वेळेवर आली, वेळेवर सुटली. सेंटरवर मात्र उशिरा पोचली. म्हणजे आमचं गाव, जे लाइनीवरचं शेवटचं, तिथून सेंटरपर्यंतच्या रस्त्यात वेळ जात होता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, रस्ता लय खराब हाय. मॅनेजरसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला आकड्यांपुढे दुसरं काही दिसत नसे. "रस्ता करणं काही आपल्या हातात नाही," ते म्हणाले. "महिनाअखेर ही लाइन बंद करू."

तो रस्ता मी शाळेला जाताना रोज तुडवला होता. कच्चा होता, पण वेळ खाणारा नव्हता. आणि ड्रायव्हर कोण होता? माझ्या आक्काचा नवरा, आमचे दाजी. म्हणजे आमच्या घरचा जावई, आणि खेड्यात घरचा जावई तो गावचा जावई. गाडी गावात आली की दाजींना घोंगडं अंथरलं जाणार, पाय धुवायला पाणी येणार, आई धपाटी आणि दही वाढणार, हे मला ठाऊक होतं. त्यात किती वेळ जातो हे मी कधी मनात आणलं नव्हतं. आता आणलं आणि बोटांवर मिनिटं मोजत बसले.

दाजी मनाने वाईट नव्हते, पण मानपानाचे भारी कडक. माझ्या चुलतभावाच्या लग्नात त्यांना आहेराचा फेटा बांधायला उशीर झाला, तर त्यांनी वर्षभर आक्काला माहेरी धाडलं नव्हतं. आणि आता आक्काला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. आई तिच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. दाजींबद्दल एक शब्द निघाला तर आक्का यायची नाही. नाही निघाला तर साऱ्या गावांचं दूध बंद. दोन रात्री मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी सुभेदारांना एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्ही एकदा तो रस्ता बघून या. गाडीत बसून."

त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं. सुदैवाने 'मधी काय झालं' असं विचारलं नाही.

मी रजा टाकून आदल्या दिवशी गावी गेले. सकाळी धुरळा उडवत गाडी आली. दाजींच्या शेजारी सुभेदार बसलेले, मांडीवर कार्डांची पिशवी. दाजी उतरले, घोंगड्यावर बसले. सुभेदारही पाहुणेच, त्यांनाही बसावं लागलं. आईने दोघांपुढे ताटं ठेवली. गाडी उन्हात उभी, मागे सगळ्या गावांचे कॅन रांगेने. दूध घालायला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून भिंतीशी उभ्या. सुभेदारांच्या हातातला घास काही केल्या तोंडाकडे जाईना. एक डोळा ताटावर, एक कॅनवर. आई दाजींना म्हणत होती, "पावणं, अजून एक घ्या की. दुपारपातूर काय पोटाला न्हाई तुमच्या."

दाजींनी अजून एक घेतलं. मग दही मागितलं.

सुभेदार उठले, गाडीपाशी गेले आणि एका कॅनवर पालथा हात ठेवून उभे राहिले. परत आले ते आमच्या गावचं कार्ड घेऊन. त्यावर गाडी आल्याचं भोक कापलेलं होतं आणि गाडी सुटल्याचंही. गाडी तर समोर उभी होती.

"माउली," ते आईला म्हणाले. "हे सुटल्याचं कवा कापलं तुमी?"

आई घाबरली. तिने माझ्याकडे बघितलं, मग दाजींकडे, मग जमिनीकडे. "आल्या आल्या कापून ठिवते, सायेब. मानूस जेवत असताना सुटल्याचं भोक धरून बसू का मी? जावयाला उठा म्हनल्यागत हुतंय ते."

दाजींचा हात ताटात थांबला. बाया भिंतीला आणखी चिकटल्या. मला वाटलं, झालं, आता संपलं.

सुभेदार आईसमोर खाली बसले. दाजींकडे त्यांनी मुद्दामच बघितलं नाही. "माउली, तुमचं कार्ड खोटं बोलत न्हाई. ते लाजतंय. पर त्याच्या लाजंपायी सायबाला वाटतंय रस्ता वाईट हाय. महिना सपला की समदी लाईनच बंद करनार हाय त्यो."

"आमच्या गावची?"

"समद्या गावांची."

भिंतीशी उभ्या असलेल्या एका म्हातारीने "आगं बया" म्हणून तोंडावर हात घेतला. आई उठली, तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि सुभेदारांच्या पिशवीतून कोरं कार्ड घेतलं. आल्याचं भोक कापलं. मग चिमटा हातात धरून दाजींच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"पावणं," ती म्हणाली, "तुमी जेवा. पोटभर जेवा, कवा बी उठा. पर उठशिला तवाच कापीन."

माझ्या आईला जावयाकडे तोंड वर करून बोलताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

दाजींनी अर्धं धपाटं तसंच ठेवलं. ताटातच हात धुतला. पटका झटकून डोक्याला गुंडाळला आणि गाडीत जाऊन बसले. सुभेदारांना चढायला जेमतेम वेळ मिळाला. गाडी हलली तसा आईने चिमटा दाबला. मग ती चुलीपाशी जाऊन बसली आणि मी हाक मारली तरी तिने मान वळवली नाही.

त्या दिवशी दूध नासलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महिनाअखेरीच्या बैठकीत मॅनेजरसाहेबांनी सुभेदारांचा रिपोर्ट वाचला. त्यात एवढंच होतं की रस्ता बरा आहे, शेवटच्या गावातला थांबा कमी केला आहे, लाइन चालू ठेवावी. साहेबांनी चष्मा काढला. "सुभेदार, आधी रस्ता खराब होता, आता बरा झाला. मधे काय झालं?" कार्डांचा गठ्ठा घेऊन मी दाराशीच उभी होते. सुभेदार म्हणाले, "सायेब, तेवढं न्हाई सांगता यायचं." लाइन राहिली. दाजींची नोकरीही राहिली.

पण आमच्या घरातली धास्ती गेली नाही. दाजी आता गाडीतून उतरतच नव्हते. गावात आले की हॉर्न वाजवत, बाया कॅन चढवत, आई भोक कापी, गाडी निघून जाई. घोंगडं आई रोज अंथरायची आणि रोज तसंच उचलून ठेवायची. आक्काचा आठवा लागला. तिकडून निरोप नाही. मी रविवारी गावी गेले की आई एकच विचारी, "सायबानं मला उगाच बोलायला लावलं का गं?" आक्काचं सगळं मी सुभेदारांनाही सांगितलं होतं. सोमवारी ऑफिसात गेले की सुभेदार कार्डांना हात लावायच्या आधी विचारत, "आली का?" मी मान हलवून नाही म्हणे. मग दिवसभर त्यांची बोटं टेबलावर चालत राहत. एकदा मला म्हणाले, "दूध पोचलं, पर त्या माउलीच्या दारातनं जावई उपाशी जातोय. ह्ये माझ्या हातनं झालं." इतका रडवेला म्हातारा मी बघितला नव्हता.

मग एका सकाळी हॉर्न वाजलाच नाही. आई बाहेर आली तर दाजी सोप्याच्या पायरीशी उभे. आत आले नाहीत, बसले नाहीत. दुसरीकडे बघत म्हणाले, "आत्या, भाकरी बांधून द्या. सेंटरावर खाईन." आईने दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधली. घाईत गाठ दोनदा सुटली, असं तिनेच मला सांगितलं. त्याच आठवड्यात गाडी दूध न्यायला आली तेव्हा दाजींच्या शेजारी आक्का बसलेली होती. बायांनी तिला हात देऊन खाली उतरवलं.

सोमवारी मी सुभेदारांना सांगितलं, "आली." ते रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसत बसले.

पुढच्या रविवारी भर दुपारी, अंगणात आक्का बाळंतविड्याच्या चिंध्या वेगळ्या करत बसली होती आणि मी तिला चिडवत होते, तेवढ्यात सुभेदार आणि काकू रस्त्यावरून चालत येताना दिसले. एस. टी.ने आले असावेत. दोघांच्याही अंगावर धुरळा. आईला वाटलं, आता आणखी काय चुकलं? ती धावत आत गेली आणि चिमटा आणि कोरी कार्डं घेऊन बाहेर आली.

"ते ठेवा, माउली," सुभेदार म्हणाले. सोप्यात शिरून ते भिंतीशी टेकले. "तपासनीला न्हाई आलो. जेवायला आलोय."

आईने लगबगीने घोंगडं अंथरलं, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. "बसा, बसा. तवा तापलेलाच हाय, लगीच वाढते."

सुभेदारांनी पाय लांब केले.

"लगीच नगं," ते म्हणाले. "सावकास हू द्या."